परत घेतलेला गृहपाठ

रत्नाबाईंच्या हातचा मार न खाल्लेला माणूस आमच्या गावात शोधून सापडणार नाही. पेडण्याच्या डोंगराला पाठ टेकून बसलेलं हे गाव, चौथीपर्यंतची शाळा, एक खोली आणि एक बाई. बाईंच्या हातात फूटभर लाकडी पट्टी असायची आणि त्या पट्टीचे नियम ठरलेले होते. गणित चुकलं तर पट्टी सपाट लागायची. खोटं बोललं तर कडेनं. गृहपाठ उशिरा आणला तर दोन्ही हात. रडलं तरी नियम बदलत नसे, आणि घरी जाऊन सांगितलं तर घरचे उरलेलं देत.

बाई दिसायला चणीनं लहान, वाळक्या, केसांत रोज अबोलीचा वळेसर. त्या वळेसरावर भुलून नवीन आलेलं पोर त्यांना प्रेमळ समजे, दुपारपर्यंत. उत्तर चुकलं की त्या उत्तराकडे बघायच्याच नाहीत. "आदी प्रस्न वाच," म्हणायच्या. "प्रस्न चुकीचो वाचलंस तर उत्तर खयसून बरोबर येतला?" हे वाक्य मी आजही वीजखात्याच्या खांबावर चढताना मनात म्हणतो. लाइनमन माणसाला प्रश्न चुकीचा वाचून चालत नाही.

फुलांचं मात्र त्यांना वेड होतं. त्यांचं माहेर मये गावात, तळ्याकाठी, आणि भाऊ डिचोलीकडच्या एका खाणीवर कामाला. खाणीनं अख्खा डोंगर सोलून लाल केला होता आणि त्या लाल मातीवर बाग करून लाल फुलांची परदेशी झाडं लावली होती. पिचकारी म्हणतात त्याला. कळी दाबली की आतलं पाणी सर्रकन उडतं, आणि फुलं अशी पेटलेली की दुरून डोंगराला आग लागल्यासारखं वाटतं. भावानं बागेतली रोपं गोणत्यात घालून आणून दिली. बाईंनी एक शाळेच्या अंगणात लावलं आणि बाकीची आम्हा चौथीच्या सव्वीस पोरांना वाटली. गृहपाठ होता तो. घरी लावायचं, पाणी घालायचं, आणि दर शनिवारी वहीत चित्र काढून किती पानं आली ते लिहायचं.

मला त्यात दहापैकी नऊ मिळाले होते. गोपाळला दोन, कारण तो चित्रच काढायचा नाही. पण शाळेतल्या झाडाला पाणी घालायचं काम त्याच्याकडे होतं आणि ते त्यानं एकही दिवस चुकवलं नाही. झाड मोठं होऊन कळ्या धरेपर्यंत आम्ही शाळा सोडून हायस्कुलात गेलो होतो, तरी तो तिथे जाऊन पोरींच्या तोंडावर कळ्या उडवायचा आणि मोठा झाला तरी बाईंकडून पट्टी खायचा.

तीसेक वर्षं गेली. आम्ही संसाराला लागलो, बाईंचे केस पिकले, झाडाभोवती पंचायतीनं पार बांधला. बाई निवृत्त व्हायला पाच महिने राहिले होते तेव्हाची गोष्ट.

कातिक महिना होता, भात कापून झालं होतं, वाऱ्याचा मागमूस नव्हता. दुपारी शाळा सुटली. गोपाळ मुलीला न्यायला आला होता. तिला पारावर बसवून तो तिच्यापुढे वाकून बुटाची नाडी बांधत होता. मी समोरच्या खांबावर होतो, हातात पक्कड होती, आणि मी त्याला हाक मारणारच होतो. कडाड असा एक आवाज झाला. मांडीएवढी फांदी, वर फुलांचा भार, तशीच्या तशी त्याच्या मानेवर आली. तो पोरीच्या अंगावर पडला आणि हलला नाही.

मी खाली उतरेपर्यंत बाई धावत आल्या होत्या. त्यांनी पोरीला बापाच्या अंगाखालून ओढून काढलं. तिच्या फ्रॉकवर रक्त होतं, ते तिचं नव्हतं. गोपाळचा चेहरा मातीत रुतला होता आणि पाठीवर ती लाल फुलं पसरली होती, अगदी ताजी. फांदी मोडली होती तिथे बोट घातलं तर आत जात होतं. वरून गुळगुळीत साल, आतून भुसा.

बाई उठल्या आणि त्यांनी त्या झाडाला मारायला सुरुवात केली. मुठींनी. बोटांची सालं निघाली, बुंध्यावर रक्ताचे ठिपके उमटले, तरी थांबेनात. "माका मारूचा होता मरे! तेका कित्याक मारलंस?" असं ओरडत होत्या. आम्ही चौघांनी धरून त्यांना मागे खेचलं, तेव्हा त्यांनी माझ्या हाताला चावा घेतला.

झाड दोन दिवसांत कापलं गेलं. पण महिन्याभरात त्याच्या खोडातून तेरा फुटवे आले, हिरवेगार, टरारलेले. बाई पाराजवळ उभ्या राहून ते मोजत होत्या. मोजून झाल्यावर वर्गात गेल्या आणि कपाटातून आमच्या वर्षीचा हजेरीपट काढून पिशवीत घातला. चोरला म्हणायलाही हरकत नाही. त्याच दिवशी त्यांनी लोहाराकडून कोयत्याला धार लावून घेतली.

मग सुरू झालं. सकाळी चहात पाव बुडवून खायचा, वळेसर माळायचा, कापडी पिशवीत कोयता, मिठागरावरच्या जाड्या मिठाची पुडी आणि लाल खडू घालायचा, आणि हजेरीपटातल्या एकेका नावाच्या दारात जाऊन उभं राहायचं. दार उघडलं की एकच वाक्य.

"तुझो गृहपाठ परत न्हेवक इलंय."

लोक आधी हसले. चाळिशी उलटलेले बाप्ये, कोणाची किराणा दुकानं, कोणाची टॅक्सी, आणि बाई त्यांना चौथीतल्या नावानं हाका मारून परसात घुसायच्या. नुसतं तोडून हे झाड मरत नाही हे त्या पहिल्या खोडाकडून शिकल्या होत्या. आधी कमरेएवढ्या उंचीवर साल गोल सोलून काढायच्या, हातभर रुंद, पांढरं लाकूड उघडं पडेपर्यंत. मग पाडायचं, मग खोडावर घाव घालून फटींत मीठ ठेचून भरायचं. फुटवा आला तर परत यायचं आणि नखानं उपटायचं. हे करताना त्यांच्या तोंडून ज्या शिव्या निघत त्या आम्ही शाळेत उच्चारल्या असत्या तर पट्टी मोडली असती. खोड मेल्याची खात्री झाली की त्यावर लाल खडूनं लिहायच्या, 'तपासले', आणि हजेरीपटात त्या नावापुढे लाल खूण करायच्या.

सगळ्यांनी सुखासुखी दिलं नाही. सदानंद आमच्याच वर्गातला, मांद्र्याला समुद्राजवळ त्याचं गेस्टहाऊस. बाईंच्या एका रोपाची त्यानं नऊ झाडं केली होती, फाटकापासून आतपर्यंत दुतर्फा. पाहुणे त्याखाली फोटो काढायचे. बाई बसनं तिथे गेल्या आणि सरळ पहिल्या झाडावर घाव घातला. त्यानं धावत येऊन त्यांचं मनगट पिरगळलं. त्यांनी दुसऱ्या हातानं त्याच्या कानशिलात अशी ठेवून दिली की चहा पिणारे पाहुणे उठून उभे राहिले. रखवालदारानं बाईंना ढकललं. गुडघा फुटला, वळेसर वाळूत पडला.

"बाई, हंगाम चालू असा," सदानंद कान चोळत म्हणाला. "गोपाळाचा वायट झाला, पण माझी झाडां कोणाक मारणत नाय."

बाई उठल्या. वाकल्या आणि खाली पडलेली फुलं वेचू लागल्या. पदरभर झाल्यावर लंगडत न्याहारीच्या टेबलांकडे गेल्या आणि प्रत्येक पांढऱ्या बशीत एकेक फूल उपडं करून झटकलं. फुलातून मेलेल्या बारीक मधमाश्या पडल्या. एकात तीन, एकात सात, काही अजून पाय हलवत होत्या. गोडाला भुलून आत गेलेल्या आणि चिकटून तिथेच मेलेल्या. एक बाईमाणूस किंचाळली. एक लहान मूल बशीत बोट घालून बघत होतं.

"मोज सदानंद," बाई म्हणाल्या. "मग सांग माका, कोणाक मारणत नाय ता."

त्या आठवड्यात नऊच्या नऊ झाडं गेली. ती पाडायला सदानंदनंच माणसं लावली. बाई फक्त मीठ भरायला आणि खडू घेऊन गेल्या.

आता माझं सांगायला हवं. आमचं घर डोंगराच्या पलीकडच्या अंगाला, एकटं, गावातून दिसत नाही. माझी पिचकारी आईच्या जनेलासमोर, खिडकीच्या गजांबाहेर होती. वडील गेल्यापासून आणि गुडघे धरल्यापासून आई त्या जनेलात बसून असायची. फुलं आली की मला ऑफिसात फोन करून सांगायची, आज किती नवीन. बाईंचे गुडघे मांद्र्यानंतर डोंगर चढण्यासारखे राहिले नव्हते. त्यांनी मला शाळेच्या वाटेवर गाठलं आणि हजेरीपट उघडला.

"मोहना, तुझा रवला."

"बाई, ता मी कालच तोडलंय," मी म्हणालो. "आमच्या खात्याची करवत असा. मीठपण घातलंय."

माझ्या तोंडाकडे त्यांनी जरा वेळ बघितलं. मी खाली बघितलं नाही, एवढं मला खोटं बोलता येत होतं. "लाइनमन तू, तुका झाडांचा कळता," म्हणाल्या, आणि माझ्या नावापुढे लाल खूण केली.

हजेरीपट संपला, पण झाडं संपली नव्हती. पिचकारीचं बी कागदाच्या कपट्यासारखं पातळ, वाऱ्यावर कुठेही जातं. ते देवाच्या राईत पोचलं होतं. आमची देवराय म्हणजे देवळामागचं जुनं रान, त्याच्या मधोमध झर. गावातली पोरं दिवसभर झरीवर असतात. त्या वाटेवर आता कुंभा, किंदळ ही जुनी झाडं मागे पडून एकेचाळीस पिचकाऱ्या उभ्या होत्या, शाळेतल्यापेक्षा उंच. बाईंनी त्या मोजल्या होत्या. एक फांदी, एक पोर. बाईंना दुसरं काही दिसत नव्हतं. पण राईतली काटकी मोडायलाही देवाचा हुकूम लागतो.

देवळात कौल लावायचं ठरलं. सगळा गाव जमला. सखाराम गुरवानं देवाच्या पाषाणाला उजव्या-डाव्या बाजूला ओल्या कळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, तुझ्या राईतली तुझी झाडां तोडूक ही बायलमाणूस हुकूम मागता. हुकूम आसात तर उजवी दी."

"व्हय म्हाराजा," गाव म्हणाला.

बराच वेळ काही झालं नाही. मग डावी कळी पडली. लोक उठू लागले. काहींनी सुटल्यासारखा श्वास सोडला, आणि त्यांत मीही होतो, हे कबूल करतो.

"बसा!" बाईंचा आवाज असा आला की सरपंचसुद्धा मटकन खाली बसला. "सखाराम, प्रस्न चुकलो."

"बाये, देवाक प्रस्न चुकीचो कसो..."

"तुझी झाडां म्हणालंस ना रे? देवान बरोबर उत्तर दिल्यान. तेची झाडां तोडूक तो कित्याक सांगतलो? ही झाडां तेची हत? कोणी लायली? आदी प्रस्न वाच!"

सखाराम त्यांचाच विद्यार्थी. त्याचा हात आपोआप पाठीमागे गेला, पट्टी चुकवायला जातो तसा. त्यानं परत कळ्या लावल्या. "बा देवा म्हाराजा, राईतली ही तांबड्या फुलांची झाडां तुझी, काय रत्नाबायेची? तिची आसात तर उजवी दी."

उजवी कळी लगेच पडली. एवढी लगेच की 'व्हय म्हाराजा' म्हणायला कोणाला वेळच मिळाला नाही. बाईंनी डोळे मिटले. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. आरोप सिद्ध झालेल्या माणसाचा चेहरा होता तो.

सखाराम हळूच म्हणाला, "बाये, तुझी आसत म्हणजे हत्यार तुझाच लागूक होया. दुसऱ्या कोणाचो कोयतो राईत चलाचो नाय."

"मी खय मागलंय दुसऱ्याचो?" बाई म्हणाल्या.

साठी उलटलेली बाई, फुटलेला गुडघा, आणि एकेचाळीस झाडं. माझी यांत्रिक करवत खात्याच्या गाडीत पडून असायची आणि मी राईच्या हद्दीवर पाण्याची बाटली घेऊन उभा राहायचो. आतून घावांचा आवाज यायचा, मध्येच शिवी, मध्येच खोकला. आठवड्याला एक झाड, कधी दोन आठवड्यांना एक. तळहातांची कातडी लोंबायची, त्यावर हळद लावून फडकं गुंडाळून परत आत. मीठ भरताना ते मीठ त्यांच्याही जखमांत जायचं. तेव्हा त्या ओरडायच्या आणि ओरडताना घाव जास्त जोरात घालायच्या. मे महिना आला, गेला, पावसाळा गेला, दुसराही गेला. साफ केलेल्या जागी नवीन रोपटी उगवलेली दिसत. त्या उपटत आणि चिडत.

"खयसून येता रे ह्या बी?" एकदा बाहेर येऊन त्यांनी मला विचारलं. त्यांच्या चिमटीत एक पातळ कपटा होता. "सगळी मारलंय मी. वारो डोंगरापल्याडसून येता." आणि त्यांनी डोंगराकडे, आमच्या घराच्या दिशेला बघितलं. मी पाण्याची बाटली पुढे केली. त्यांनी ती घेतली नाही.

शेवटचं झाड झरीवरचं होतं, दोन माणसांच्या कवेत न मावणारं. तिसऱ्या दिवशी दुपारी आतून घावांचा आवाज थांबला आणि मग काहीतरी मोठं मोडल्याचा आवाज आला. आम्ही धावलो. सखाराम पुढे होता. झाड पोकळ होतं, अर्ध्यातच फाटून उलटं आलं होतं. बाई त्याखाली होत्या, उजवा हात खांद्यापासून फांदीखाली चेंगरलेला, हाड बाहेर आलेलं. वळेसर लाल झाला होता. मी करवत आणायला वळलो तर त्या शुद्धीवर होत्या.

"कोयतो लावू नकात!" त्या किंचाळल्या. "हत्यार माझा!"

"हत्यार नाय बाये, नुसते हात," सखाराम रडत म्हणाला. आम्ही अकरा जणांनी नुसत्या हातांनी ती फांदी उचलली. इस्पितळात हात वाचला नाही. खांद्यापासून काढावा लागला.

बाईंना इस्पितळातून घरी आणलं त्या दिवशी मी घरी गेलो तर आई जनेलात बसली होती. बिया वाऱ्यावर आत येत होत्या, तिच्या चादरीवर पडत होत्या, एक तिच्या केसांत अडकली होती. मी करवत काढली. आईला कळलं तेव्हा ती जनेलाचे गज धरून ओरडायला लागली. तिनं मला माझ्या बापाचं नाव घेऊन शिव्या घातल्या, कपाळ गजावर आपटून घेतलं. मी थांबलो नाही. झाड पडलं तेव्हा तिनं जनेल लावून घेतलं. दोन दिवस ती जेवली नाही. आजही त्या जनेलात ती बसत नाही.

मी साल सोलली, मीठ भरलं, आणि खोडाची एक चकती कापून बाईंकडे घेऊन गेलो.

त्या खाटेवर होत्या. उजव्या बाजूला पदर सपाट पडला होता. शेजारणीनं केसांत अबोली माळून दिली होती, वाकडी. मी चकती त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी डाव्या हाताचं बोट ओल्या लाकडावरून फिरवलं आणि वास घेतला.

"केन्ना तोडलंस?"

"परवां, बाई."

"आणि मी लाल खूण केन्ना केलेली?"

"दोन वर्सां झाली," मी म्हणालो.

त्यांनी खडू मागितला. डाव्या हातानं लिहायची सवय नव्हती, अक्षरं पहिलीतल्या पोरासारखी गडगडत गेली. चकतीवर त्यांनी लिहिलं, 'तपासले'. मग थांबून खाली लिहिलं, 'उशिरा'. मग उशीखाली हात घालून ती जुनी लाकडी पट्टी काढली.

"हात फुडे कर."

मी पंचेचाळिशीचा माणूस, खांबावरच्या विजेला न भिणारा. मी हात पुढे केला. त्यांनी पट्टी बोटांत फिरवून कड खाली घेतली. हातात ताकद उरली नव्हती, पट्टी नुसती टेकल्यासारखी लागली. तरी मी रडलो. गोपाळ गेला तेव्हाही मी असा रडलो नव्हतो. त्यानंतर महिन्याभरात बाई गेल्या आणि मी त्यांना परत पाहिलं नाही. मला त्या आठवतात त्या तशाच, खाटेवर बसलेल्या, डाव्या हातात पट्टी धरून, माझं रडणं संपायची वाट बघत.

मी डोळे पुसून हात मागे घेतला, तेव्हा त्यांनी मान हलवली.

"दुसरो," बाई म्हणाल्या.